हळदीच्या दिवशी पावडर नको

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हातारीला संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर ठीक, नाही झाली तर मुंबईला हलवा, आणि वाटेत काय होईल त्याची हमी मी देत नाही. त्यामुळे रोह्याच्या दवाखान्यात आम्ही सगळे हळदीचे पिवळे हात घेऊन माझ्या धाकट्या जावेच्या लघवीची वाट बघत बसलो होतो. तिचे डोळे खोल गेले होते. सलाईन आत जात होतं, बाहेर काही येत नव्हतं.

आमच्या गावच्या विहिरीत पंचायतीचा माणूस रोज पावडर टाकतो, जंतू मरायला. जावेच्या नातवाच्या हळदीला दिरानं, म्हणजे तिच्याच नवऱ्यानं, त्याला हात जोडून थांबवलं. कोकमाच्या सरबताला पावडरीचा वास मारतो, कोलाडचे पाहुणे नावं ठेवतील म्हणे. पाहुण्यांनी नावं ठेवली नाहीत. ते विहिरीच्या कट्ट्यावर साबण लावून आंघोळी करत होते. कट्ट्याला भेग आहे, त्यामुळे अंगावरचं सगळं परत विहिरीत. दुसऱ्या दिवशी अर्धा गाव टमरेल घेऊन पळत होता. नवरदेवाला मंगलाष्टकं कधी एकदाची संपतात असं झालं होतं. जाऊ मांडवातच पडली.

दीर दवाखान्यातही मटणावर खापर फोडत होता. मी म्हटलं, "तुझ्या बायकोचा सोमवार होता. तिनं मटणाला हात लावला नाय, सरबतच प्याली दिवसभर."

तेवढ्यात आमच्या गावची आशाताई आली. तिनं आदल्या दिवशी विहिरीचं पाणी तपासायच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. पाणी खराब असलं की ते काळं पडतं. ते कढईच्या बुडासारखं काळं झालं होतं.

दिरानं बाटली उलटसुलट करून बघितली. "चाय तर नाय ना ओतलीस हिच्यात?"

आशाताईनं बाटली परत घेतली. मग तो खाटेकडे बघत बसला. मला म्हणाला, "वयनी, उद्यापासून पावडर टाकायला सांगतो."

"आधी ती मुतू दे," मी म्हटलं.

दिवेलागणीला जावेनं माझा पदर ओढला. कान तिच्या तोंडाशी नेला तर म्हणते, "जाऊबाय, चादर ओली झाली गो."

मी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांनी चादर बघितली आणि मुंबईची गाडी नको म्हणून सांगितलं.

जाऊ वाचली. हळदीला आलेले बाकीचेही सगळे वाचले.