चिटपाखरूही नव्हतं

डोंगराच्या पायथ्याशी मोटारसायकलवर बसून मी माझाच ब्लॉग वाचत होतो. एरवी स्वतःचं लिखाण वाचताना मी मनातल्या मनात मिशीला पीळ देतो. त्या दुपारी मात्र एकेक ओळ बोट ठेवून तपासत होतो.

माझी भाची सकाळच्या गाडीने पेणहून निडी स्टेशनला उतरली आणि एकटीच डोंगरावरचा गड चढायला गेली. अकरानंतर तिचा फोन लागेना. एक वाजता ताईने मला कंपनीत फोन केला. रडली नाही, ओरडली नाही. पोरगी तुझं वाचून गेलीय, एवढंच म्हणाली. मी शिफ्ट अर्धी टाकून रोह्याहून निघालो. पायथ्याची वाडी मागे टाकून वाटेला फाटा फुटतो तिथपर्यंत धावत गेलो, घसा बसेस्तोवर हाका मारल्या आणि खाली आलो. कमरेएवढ्या गवतात दोन वाटा होत्या. ती कुठल्या वाटेने गेली असेल, ते आता माझ्याच लेखात शोधायचं होतं.

‘इथून आपण मळलेली वाट धरतो.’ आपण म्हणजे कोण? मी तर त्या दिवशी मित्राच्या पाठून निमूट चाललो होतो. ‘सह्याद्री साद घालतो.’ डोंगर कसली साद घालतोय? साद मीच घातली आणि पोरीने ओ दिली. ‘पुढे चिटपाखरूही नव्हतं.’ या वाक्यावर तर मी फार खूश होतो. एवढ्या दिमाखदार लेखात डावी की उजवी, ते कुठेच नव्हतं. ताईला आता काय तोंड दाखवू?

वाडीतली एक बाई कोयता घेऊन आली. का बसलाय, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं आणि ते मळलेल्या वाटेचं वाक्य वाचून दाखवलं.

"मळलेली वाट गडाची नाय, दादा," ती म्हणाली. "ती आमची हाय, लाकूडफाट्याची. रोज मोळ्या आणून आमीच मळवली. म्होरं कडा हाय."

आजही दुपारी बायका तिथूनच उतरल्या, असं तिने सांगितलं. मी वाडीतून दोनदा गेलो होतो आणि एकालाही विचारलं नव्हतं. माझ्या लेखात ही वाडी ‘पायथ्याची वस्ती’ या दोन शब्दांत उरकली होती.

तिने शेजारणीला "चल गो" म्हणून हाक दिली. दोघी झपाझप पुढे, मी धापा टाकत मागे. कड्याच्या अलीकडे, वाटेपासून चार हात खाली, भाची झुडपाला धरून बसली होती. पाऊल सुजून भोपळा झालं होतं. मी तिथेच मटकन बसलो आणि रडलो.

त्या दोघींनी तिला आळीपाळीने पाठुंगळीला घेऊन खाली आणलं. वाडीत पाणी पिऊन झाल्यावर मी चिडूनच विचारलं, दुपारी डोक्यावरून एवढ्या बायका गेल्या, तू हाक का नाही मारलीस?

"बोलणं ऐकू आलं रे मामा," ती म्हणाली. "पण तिथे चिटपाखरूही नसतं, असं तूच लिहिलंयस. मग हे कोण, म्हणून घाबरले. तोंड दाबून बसले."