लिओटाचा हात

वाटाणे डब्यात भरायच्या आमच्या गावच्या कारखान्यातल्या बायकांचा संघ रविवारी चर्चमागच्या मैदानात सॉफ्टबॉल खेळायचा, आणि त्यात टेश बहिणींपैकी धाकटी, लिओटा, चेंडू टाकायची. हात मागून पूर्ण गरगर फिरवून कमरेखालून सोडायची. चेंडू गुडघ्याशी यायचा आणि बॅटजवळ पोचता पोचता वर उसळायचा. कारखान्याचा फोरमन तिला पवनचक्की म्हणायचा. पुरुष लढाईवर गेले, शहरातल्या शेठ लोकांनी बायकांच्या बेसबॉलची लीग काढली, तेव्हा पवनचक्कीला बोलावणं आलं नसतं तरच नवल.

थोरली हुल्डा दारातच म्हणाली, "झगा घालून बेसबॉल? घसरलीस की मांड्या सोलवटतील."

"सोलवटू देत. पगार मिळतोय त्याचा."

"आणि अठरा गायींची धार कोण काढणार?"

"तू," लिओटा म्हणाली आणि गेली. आईबाप आधीच वारलेले. खरं सांगायचं तर त्या वेळी तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एकवीस वर्षांची होती, विस्कॉन्सिनातल्या शेणामातीतून कुणीतरी तिला नावाने हाक मारून बाहेर काढलं होतं.

मांड्या सोलवटल्याच. देखरेखीच्या बाई रोज आयोडीन लावायच्या आणि वर ओठांना लाली लावली नाही म्हणून दंड करायच्या. तरी लिओटा तिथे अशी सुखात होती की पाच वर्षांत एकदाही हिवाळ्याला घरी आली नाही. मोसम संपला की त्याच शहरात रेडिओच्या कारखान्यात काम धरायची. हुल्डाला नाताळला कार्ड पाठवायची, त्यात संघाचा फोटो असायचा.

मग लीगवाल्यांनी खेळ बदलला. तो आधीपासून थोडा थोडा बदलतच होता, दर साली चेंडू जरा लहान. सत्तेचाळीसच्या शरदात मॅनेजर डोनेगन यांनी तिला बोलावून सांगितलं, "पुढच्या साली हात खांद्यावरून. पुरुषांसारखा. अंतरही वाढणार. लिओ, तू पळतेस चांगली, चेंडूवर नजर आहे. हिवाळाभर बाहेरच्या मैदानातलं झेलणं शिक, जागा देतो."

"मी गोलंदाज आहे," लिओटा म्हणाली. "हात वरून काय, शिकेन की."

पाच वर्षं ज्या हाताने पोट भरलं, त्याला तीन-चार महिन्यांत वळण लावायचं होतं. ते जमलं तर ती मैदानात राहणार, नाही तर संपलं. सरावाला लांबलचक बंदिस्त जागा हवी, आणि विस्कॉन्सिनच्या जानेवारीत अशी जागा म्हणजे गोठा. म्हणून ती घरी आली.

सकाळच्या धारा झाल्या की दोन्हीकडे गायी, मध्ये लांब वाट, आणि त्या टोकाला तिपाईवर हुल्डा, हातात बापाचा जुना दस्ताना. पहिल्या आठवड्यात चेंडू भिंतीवर असे धडाधड आदळले की चार गायींनी पान्हा चोरला.

"भिंतीला आउट करायचंय का तुला?" हुल्डा ओरडायची.

"तू झेल ना!"

"झेलण्यासारखा टाक, मग झेलते!"

पण हुल्डा रोज बसायची. फेब्रुवारीत चेंडू तिच्या हातात येऊ लागले. "कसा होता?" लिओटा विचारायची. "मस्त," हुल्डा म्हणायची. मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन राय धान्याचा काळपट पाव आणि सॉसेज खायच्या, आणि लिओटा शहरातल्या गमती सांगायची. हुल्डा इतकी हसायची की कॉफी सांडायची.

एप्रिलात फ्लोरिडात निवड होती. सरावाच्या सामन्यात लिओटाने तीन डाव वरून टाकून काढले, बरे गेले. चौथ्यात मात्र तिन्ही बेसवर गडी उभे राहिले. तिने हात वर नेला. कानाशी तो अडला, आणि तिला काही कळायच्या आत खाली येऊन गरगर फिरला. चेंडू गुडघ्याशी गेला आणि उसळला. बॅटवालीने असा झोका मारला की स्वतःच धुळीत बसली. सगळं मैदान हसलं. पंचांनी मात्र हात वर केला. सुरू केलेली फेक मध्येच थांबवली, दोष गोलंदाजाचा. तिन्ही गडी एकेक बेस पुढे सरकले, फुकटची धाव गेली.

डोनेगन चालत आले. "या साली पाहिलेला सर्वांत सुंदर चेंडू होता हा, लिओ."

"मग?"

"मग सामान भर, पोरी."

"बाहेरचं मैदान? तुम्ही म्हणाला होतात..."

"तेव्हा म्हणालो होतो. तू शिकली नाहीस, दुसऱ्या दोघी शिकल्या."

स्टेशनवर हुल्डा ट्रक घेऊन आली होती. लिओटाने सगळं एका दमात सांगितलं. हुल्डाने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मला फेब्रुवारीतच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"तुझा वरून आलेला चेंडू मी डोळे मिटून झेलत होते. खालून टाकायचीस तेव्हा भीती वाटायची मला. वरून तुला येणार नव्हतं, लिओ."

"मस्त म्हणत होतीस तू! रोज! अगं, तेव्हाच सांगितलं असतंस तर मी दुसरं शिकले असते. दोन महिने होते माझ्याकडे!"

"हो."

"जागा मिळाली असती मला!"

"हो," हुल्डा म्हणाली. "मग तू पुन्हा गेली असतीस."

लिओटा तिच्याशी ऑगस्टपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचा राग खरा होता आणि आम्हा शेजाऱ्यांना तो रास्तच वाटला. जूनमध्ये रेडिओच्या कारखान्याचं पत्र आलं, ये म्हणून. ते तिने दोनदा वाचून चुलीत घातलं. सकाळ-संध्याकाळ दोघी एकमेकींकडे पाठ करून नऊ-नऊ गायींच्या धारा काढत राहिल्या.