खिडकीपुढचा अनंत

उभा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढून ताई निवृत्त झाली, तेव्हा जायला तिला एकच घर होतं, धाकट्या भावाचं. वडील लवकर गेले होते. भावाला तिनंच शिकवलं, चष्म्याचं दुकान थाटून दिलं, त्याच्या लग्नातही तीच पुढे होती. स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बरंच झालं की. नवऱ्याला मी आधी थर्मामीटर लावला असता आणि मग जेवायला वाढलं असतं." वॉर्डातल्या पोरी तिच्या माघारी तिला 'फौजदार' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

वहिनी जाऊन वर्ष होत आलं होतं. भावानं दुकान विकून टाकलं होतं. भाची लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. तिनंच फोन केला, "आत्या, बाबांकडे बघवत नाही गं. तू जाऊन राहा ना."

ताई आली ती बाह्या सरसावूनच. स्वयंपाकघर घासून काढलं, वहिनीची उरलेली औषधं फेकून दिली, जेवणाच्या वेळा बांधून घेतल्या. भाऊ कशाला नाही म्हणायचा नाही. पुढ्यात ताट आलं की जेवायचा, आणि जेवण झालं की पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसायचा, तो पुढच्या जेवणापर्यंत.

ती खोली ताईच्या डोळ्यांत खुपायची. खिडकीबाहेर अनंताचं झुडूप होतं, वहिनीनं नव्या संसारात हौसेनं लावलेलं. दर उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरून जायचं म्हणे. आता त्याला कुणी वाली नव्हता. फांद्यांत फांद्या अडकल्या होत्या, आतलं लाकूड वाळलं होतं, आणि सगळी खिडकी पानांनी बुजून गेली होती. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. भिंतीला ओल आली होती, गादीला कोंदट वास यायचा. अशा खोलीत धडधाकट माणूसही अंथरूण धरेल, हे ताईचं ठाम मत होतं.

"ते झुडूप छाटायला हवं," ती एकदा म्हणाली.

"राहू दे."

"अरे, दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो."

"मग लावू नकोस."

पण विषय ताईच्या डोक्यातून गेला नाही. शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, त्यांना गुलाबांचा नाद. ताईनं त्यांच्याकडे छाटणीची कात्री आणि लहान करवत मागितली.

"देतो की," मास्तर म्हणाले. "पण आत्ता कळ्या धरल्यात. फुलं होऊन जाऊ द्या, मग खुशाल छाटा."

"मास्तर, गळू फोडायला मी कधी मुहूर्त पाहिला नाही," ताई म्हणाली, आणि कात्री घेऊन आली.

भाऊ दाढ काढायला गेला, त्या सकाळी तिनं काम काढलं. आधी नुसतं वाळकं लाकूड काढायचं, असंच ठरवलं होतं. पण एकदा हात बसल्यावर तिला थांबवेना. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या, मग बुंध्यातून फुटलेले धुमारे, मग खिडकीवर आलेलं सगळंच. एक फांदी गजांतून थेट खोलीत शिरली होती. आतून तिला बँडेजच्या पट्टीनं गजाला बांधलेलं होतं. पट्टी धुळीनं काळवंडली होती, गाठ ओबडधोबड होती. वॉर्डातल्या कुठल्या पोरीनं अशी गाठ मारली असती तर ताईनं तिला फैलावर घेतलं असतं. तिनं पट्टी कापली, फांदी बाहेर ओढली. हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्या जमिनीवर सांडल्या. शेवटी गुडघाभर बुंधा तेवढा राहिला.

खोलीत लख्ख उजेड आला. ताईनं फरशी पुसली, गादी उन्हात टाकली. तिला फार बरं वाटत होतं.

भाऊ आला तो सुजलेला गाल धरून, तोंडात कापसाचा बोळा. फाटकाशी फांद्यांचा ढीग पाहून तो थबकला. मग खोलीत गेला, खिडकीशी उभा राहिला, आणि ज्या गजाला पट्टी होती त्या गजावरून त्यानं बोट फिरवलं. मग मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. ताईला वाटलं, दाढ ठणकत असेल. तिनं मिठाचं कोमट पाणी नेऊन दिलं. त्यानं निमूटपणे गुळण्या केल्या.

गाल उतरला तरी तो भिंतीकडेच तोंड करून पडून राहिला. तेव्हा ताई त्याच्या खाटेशी जाऊन बसली.

"चुकलं का रे माझं काही?"

भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "शेवटी शेवटी तिला कुशीवरही वळता येत नव्हतं. अनंताचा वास हवा म्हणायची. म्हणून मी फांदी आत ओढून बांधली. उशीपाशीच एक फूल उमललं. तिनं ते तोडू दिलं नाही."

"मला सांगायचं होतंस."

"तू कधी होतीस इथे?"

तो रागानं बोलला नव्हता. खरंच आठवत नसल्यासारखं विचारत होता. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. वहिनीच्या आजारपणात ती दोनदा येऊन गेली होती. नंतर वॉर्डात माणसं कमी आहेत, असं कळवत राहिली. माणसं कमी होती हे खरंच होतं. पण रजा तिनं मागितलीच नव्हती. परक्यांची मरणं तिनं हातांवर झेलली होती, घरातलं तिच्यानं बघवलं नव्हतं.

भाऊ पुढच्या खोलीत पुन्हा बसला नाही. त्या उन्हाळ्यात बुंध्याला कोवळी पालवी फुटली, चांगली तजेलदार, पण कळी म्हणून एक धरली नाही. ताई रोज सकाळी जाऊन फांद्या चाचपून यायची.

पुढे भाची आली आणि वडिलांना घेऊन गेली. आत्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "हवापालट होईल गं त्यांचा." निघताना भाऊ दाराशी घुटमळला. काही बोलेल असं ताईला वाटलं.

"गॅस नीट बंद करत जा," तो म्हणाला, आणि रिक्षात बसला.

वर्षभरानं अनंताला फुलं आली. मास्तर कुंपणापलीकडून म्हणालेसुद्धा, "बघा, धरला की नाही जीव." ताईनं भाचीला फोन लावला.

"बाबांना सांग, अनंत फुललाय. म्हणावं, बघायला ये."

भाचीनं फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळानं ती परत आली.

"सांगितलं, आत्या. 'बरं' म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

"जेवतोय ना नीट?"

"जेवतात."

"मीठ कमी घालत जा त्याच्या जेवणात," ताई म्हणाली. पलीकडून भाचीनं "ठेवू का?" विचारलं, तेव्हा ती "ठेव" म्हणाली.