काळ्या रंगाचा दिवस

तिला सगळी गल्ली शाईबाई म्हणायची. नवरा गेल्यावर तिने घरातच सूत रंगवायचं काम धरलं, तेव्हापासून तिचे हात कोपरापर्यंत निळे-काळे. जिभेला धार होती, पण मनात पाप नाही.

निळा, पिवळा, तांबडा हे रंग मोठ्या आचेवर झटपट चढायचे. काळा मात्र हट्टी. त्याला दुपारभर मंद आच लागायची, म्हणून शाईबाई ओला भुसा टाकून चूल दाबायची. मग धुराड्यातून असे काळे लोट निघत, की कावळ्यानेही वाट बदलावी. आरोग्य खात्याचा नियम साधा होता: घरात खुशाल धंदा करा, पण धूर काळा दिसला की चूल बंद. इन्स्पेक्टर दोन-चारदा येऊन हात हलवत परत गेला होता, कारण काळ्याचा दिवस शाईबाई कोणाला कळूच देत नसे.

कोणाला म्हणजे, एक माणूस सोडून. वरच्या मजल्यावर थोरली जाऊ राहायची. तिचं धुणं काजळू नये म्हणून शाईबाई आदल्या संध्याकाळी जिना चढून सांगायची, "जाऊबाई, उद्या दोरी रिकामी ठेवा हं." वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

त्या दुपारी सूत नुकतं रंग धरू लागलं होतं, तोच इन्स्पेक्टर दारात उभा.

"बाई, आज काळा आहे ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नाव सांगता येत नाही. काल रात्री निरोप आला."

तो चुलीला सील ठोकून गेला. हंड्यातलं सूत ना काळं ना पांढरं, करडंच राहिलं. शाईबाई तडक वर गेली. काल रिकामी ठेवायला सांगितलेल्या गॅलरीतल्या दोरीवर ओलं धुणं टपकत होतं. आत्ताच घातलेलं. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती आत गेली.

जाऊ नातवाची छाती शेकत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"त्याची छाती भरते गं तुझ्या धुरानं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कायमचं दुखणं लागेल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझं पोट त्या चुलीवर. तू ऐकलं असतंस होय?"

फसवणूक परक्याने केली असती तर तिने गल्ली डोक्यावर घेतली असती.

"तुमचं धुणं मळू नये म्हणून जिना झिजवला मी," ती शेवटी म्हणाली. "पोराच्या छातीसाठी चूल विझवली नसती? इतकंच ओळखलंत मला?"

जाऊने शेकायचं फडकं पुन्हा तव्यावर धरलं. पोराने मात्र रोजच्यासारखे हात पुढे केले. "धाकटी आजी, घे!"

शाईबाईने त्याला घेतलं नाही. तेवढं एक वाईट तिच्या हातून झालं, आणि खाली आल्यावर तिला त्याचंच रडू आलं.