पोळ्याच्या दिवशी मोटारीचं तेल

माझे सासरे अकोल्याला अखेरच्या घटका मोजत होते, तो सगळा दिवस मी मोटारीखाली काढला. (मोटार उभी होती. कुणी माझ्या अंगावर घातली नव्हती, तशी इच्छा घरात बऱ्याच जणांना असली तरी.)

मोटार मी घेतली होती ती संत्री आणि भाजीपाला अमरावतीच्या बाजारात न्यायला. एका साहेबाची बदली नागपूरला झाली, त्यानं जाता जाता ती माझ्या गळ्यात मारली. साहेबाच्या बुडाखाली तिची सवारी बरी असेल, पण आम्ही तिच्यात संत्र्याचे डाले, कोबीची पोती आणि वर चार माणसं भरायला लागलो. वर्षभरात तिच्या स्प्रिंगांचे पाटे बसले. ती दिवसेंदिवस खाली येत गेली आणि शेवटी तिचं पोट जमिनीला लागायला एक वीतच उरली. गाभण म्हैस चालावी तशी ती चालायची. रस्त्यात दगड दिसला की मी खाली उतरून तो बाजूला करायचो, मग पुढे जायचो. अमरावतीच्या मिस्तरीनं मला बजावलं होतं, की हिचं तेल बदल, नाहीतर इंजिन एक दिवस जागच्या जागी आवळून बसेल. मी तेलाचा नवा डबा आणून ठेवला होता. बदलायचं तेवढं राहिलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी चालली होती. बाबा बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळत होते आणि त्यांच्या कानात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं सांगत होते. तेवढ्यात बायकोचा चुलतभाऊ महादेव अकोल्याहून आला. चेहरा उतरलेला. सासऱ्यांचं काही खरं नव्हतं. त्यांनी वेणूला, म्हणजे माझ्या बायकोला, डोळे भरून पाहायचं म्हटलं होतं.

वेणूनं रडायला वेळ घालवला नाही. सकाळी बडनेऱ्याहून आगगाडी धरू, असं ती म्हणाली. मी म्हणालो, उद्या पोळा. दमणीला बैल जुंपायचे नाहीत. बडनेऱ्यापर्यंत चिखलातून पायी जाणार का? दारात मोटार असताना? महादेव म्हणाला, पायी जाऊ, त्यात काय. पण माझ्या अंगात त्या वेळी जावई संचारला होता. सासऱ्यांनी माझ्या मोटारीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. शेवटच्या वेळी तरी त्यांच्या दारात ती उभी करून दाखवावी, असं मला फार वाटत होतं. आता लाज वाटते, पण वाटत होतं. पहाटे तेल बदलतो आणि उन्हं वर यायच्या आत निघतो, असं मी सांगून टाकलं.

अडचण एकच होती. तेल काढायचा बोल्ट पोटाखाली, आणि पोटाखाली मांजरसुद्धा शिरत नव्हतं. पण मिस्तरीकडे मी खड्डा पाहिला होता. वर मोटार, खाली माणूस. मीही रातोरात गोठ्यामागे खड्डा खणला. मिस्तरीचा खड्डा विटांनी बांधलेला होता आणि माझा काळ्या मातीचा, भर श्रावणातला, हा फरक मी मनावर घेतला नाही. तीन पिढ्या त्या मातीत राबलेल्या घरातला मी! ही माती भिजली की काय करते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दोन चाकं इकडे, दोन तिकडे करून मी मोटार खड्ड्यावर आणली आणि खाली उतरलो. बोल्ट सैल केला. जुनं तेल डांबरासारखं माझ्या डोक्यावर आलं. मी ते पुसत होतो तोच खड्ड्याची एक कड हळूच खाली बसली, अगदी पाहुण्यानं सतरंजीवर बसावं तशी. मग दुसरी. चाकं मातीत रुतली आणि मोटारीचं पोट खड्ड्यावर झाकणासारखं टेकलं. मी आत. एका बाजूला हात बाहेर काढता येईल एवढी फट उरली होती.

पहिल्यांदा बाबा आले. ते खाली वाकले.

"जिता हायेस?"

"हाय, बाबा."

"कुठी लागलं?"

"नाई. पण बैल लावून गाडी ओढा ना."

बाबांनी आधी बैलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसतेत. जिता हायेस, त संध्याकाळी येशीवरलं तोरण तुटेपर्यंत दम धर." आणि ते बैलांच्या शिंगांना बेगड लावायला गेले. वडिलांचं माझ्यावर प्रेम होतं. पण वर्षातून एकच दिवस बैलांचा असतो आणि उरलेले सगळे माझे, हा त्यांचा हिशोब होता.

माणसं लावून उचलू म्हणावं, तर गावातली माणसं नवी धोतरं नेसून बैल सजवण्यात गुंतली होती. जो तो फटीशी येऊन वाकायचा, सल्ला द्यायचा आणि जायचा. पाटलांनी तर आपला बैलही आणून मला दाखवला.

मग फटीपाशी वेणूचे पाय आले. ती खाली बसली.

"आयकता काय? मी चालली महादेवासंगं."

"थोडी थांब. दुपारून लोकं गाडी उचलतीन. मोटारीनंच जाऊ."

"तुमच्यासाठी मी थांबली असती," ती म्हणाली. "माहे बाबा थांबतीन काय?"

तिनं फटीतून हात घालून माझ्या डोळ्यांवरचं तेल पदरानं पुसलं आणि ती उठली. तिचे पाय चिखलातून भराभर दूर गेले. एरवी मी रडलो नसतो, पण खड्ड्यात कोण पाहतंय म्हणून रडून घेतलं.

दुपारी आईनं बैलांना ओवाळलं, त्यांना पुरणपोळी चारली आणि मग तीच थाळी माझ्या फटीपाशी आणली. मी तेलकट हातांनी खाल्लं. पोळीला तुपाची चव नव्हती, इंजिनाची होती. संध्याकाळी तोरण तुटल्यावर गावकरी लाकडी बल्ल्या घेऊन आले. पुरणानं जड झालेली पोटं सांभाळत त्यांनी मोटार एका अंगानं उचलली आणि मला बाहेर ओढलं. मला पाहून आमचा धाकटा बैल बुजला.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं मी अकोल्याला पोचलो. ओसरीत पुरुष मुकाट बसले होते. मला काय ते कळलं. सासरे आदल्या दिवशी दिवेलागणीला गेले होते.

वेणू आत भिंतीला टेकून बसली होती. ती मला बोलणार, असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, भेट झाली का? तिनं मान डोलावली.

"बोलले. तुमाले इचारलं. जवाई कुठी हाय मने."

"मंग तू काय सांगतलं?"

"मोटारीनं येऊन राहिले मनलं."

मी नखांतलं काळं तेल कोरत राहिलो.

"त बाबा मने, मंग मले आखीन पंधरा दिवस जगा लागते, पोरी. आन हासले. खोकला येईपर्यंत हासले. म्हयनाभर त्या माणसाच्या तोंडावर हासू नव्हतं." तिनं डोळे पुसले. "तुमी येळेवर आले असते, त नसते हासले."

जावई म्हणून मी सासऱ्यांना आयुष्यात एकच सुख दिलं, आणि तेसुद्धा न पोचून.