मी अडवलेली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, आईला नाही, ज्या मैत्रिणीला जवळजवळ सगळं सांगते तिलाही नाही. लिहायला तीन वेळा बसले, आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठले. एकदा नर्सेसच्या शिफ्ट्सवर लिहिलं. एकदा युद्धावर. रागानं लिहिणं मला सोपं जातं — राग दुसऱ्या कुणावर तरी असतो ना.

तुम्ही मला ओळखत असाल तर स्पष्ट बोलणारी मुलगी म्हणूनच ओळखत असाल. कॉव्हेंट्रीच्या सभेत उभी राहिलेली, आवाज न कापणारी. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही.

नॉटिंगहॅमच्या आमच्या गराजमध्ये गाडी कधीच लागली नाही. तिथे कागदांचे गठ्ठे असत आणि एक जुना, शाई गळणारा डुप्लिकेटर. बाबा हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. आई म्हणायची, हा माणूस दिवसभर लोकांना झोपवतो आणि संध्याकाळी घरी येऊन जागं करायला बसतो. त्यांची पत्रकं एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी असत. माझा जन्म इथला. मराठी मी शिकले ती त्या पत्रकांची प्रुफं तपासत, वेलांट्या आणि अनुस्वार शोधत. बाबांचा नियम एकच होता: जे लिहायचं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं किंवा कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे. तो नियम मी नऊ वर्षांची असल्यापासून इतरांना ऐकवत आले आहे.

मग मी काय केलं?

युनिव्हर्सिटी संपली त्या हिवाळ्यात मी मस्कतला मामाकडे गेले. इराकच्या युद्धाविरुद्धचे मोर्चे होऊन वर्षही झालं नव्हतं, माझा घसा अजून त्याच सुरात होता. मामा तिथे इंजिनिअर. त्यानं एका गुरुवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मला डोंगरातली गावं दाखवायची व्यवस्था केली. त्याच्या ऑफिसची फोर-बाय-फोर आणि ऑफिसचे ड्रायव्हर हनीफभाई. बाकी कुणी नाही. मी खूश झाले. पण डोंगरांसाठी खूश झाले असं म्हणता येणार नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर विमानातच लिहिलेलं होतं — ‘आखातातला आपला माणूस’. माणूस अजून भेटायचा होता. लेख मात्र तयार होता.

हनीफभाई दापोलीजवळचे. पन्नाशीचे, अंगानं बारीक, बावीस वर्षं तिथेच. पहाटेच्या गारव्यात निघालो तेव्हापासून ते बोलत होते — कोकणातल्या एस्टीबद्दल, मुलीच्या डी.एड.बद्दल, ओमानी लोक गाडी कशी हाकतात त्याबद्दल. मी मध्येमध्ये माझे प्रश्न घुसवत होते. पासपोर्ट कुणाकडे असतो? सुट्टी किती? मालक ओरडतो का? ते आरशातून माझ्याकडे बघून हसले.

“ताई, तुम्ही डॉक्टरांच्या मुलगी की फौजदाराच्या?”

मीही हसले. पण मला ते लागलं. तेव्हा नाही कळलं किती लागलं ते.

निझवाचा किल्ला बघितला, बाजारात मडकी बघितली. हनीफभाईंना प्रत्येक दुकानात कुणीतरी नावानं हाक मारत होतं. मग अल हमराची मातीची उंच घरं, आणि तिथून वळणावळणानं वर, मिस्फा नावाच्या गावाला. तिथे त्यांचा एक म्हातारा मित्र होता. आठ वर्षांपूर्वी पावसाच्या लोंढ्यात गाडी अडकली तेव्हा ह्या म्हाताऱ्यानं यांना दोन दिवस घरी ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून कुणीही पाहुणा डोंगरात न्यायचा असला की हनीफभाई त्याला त्या घरी कॉफीला नेत. म्हाताऱ्याला पित्ताचा त्रास. म्हणून दापोलीहून आलेली आमसुलं एका पिशवीत बांधून आणली होती. “आमच्या बायकोनं वाळवलेली आहेत,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याला सांगतो, हे औषध समजून घे, खजुरासारखं खाऊ नकोस.”

गावात गाडी जात नाही. वरच्या तोंडाशी ठेवायची आणि दगडी पायऱ्या उतरत जायचं, कडेनं पाण्याचा पाट वाहत असतो. हनीफभाईंनी मला घर दाखवलं, खाली, निळं दार. “तुम्ही पुढे व्हा. मी नमाज पढून पायरीवर थांबतो. तो गच्चीवरून हाक मारील, मग येतो.”

मी विचारलं, हाकेची कशाला वाट बघायची?

“घरात बायामाणसं असतात, ताई. पुरुषमाणूस हाक आल्याशिवाय शिरत नाही. आठ वर्षं झाली तरी तेच. तुम्ही बाई आहात, तुम्हाला कोण अडवणार? फक्त सांगा, हनीफ आलाय.”

फक्त तेवढं सांगायचं होतं. मला हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं — तीन शब्दसुद्धा नाहीत.

म्हातारा तरुणपणी धंद्यासाठी मुंबईला येऊन गेलेला. त्याचं हिंदी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यानं मला गच्चीलगतच्या खोलीत बसवलं, खजुरांचं ताट ठेवलं, आणि कान नसलेले छोटे कॉफीचे पेले मांडले. एक, दोन, तीन. तिसरा मांडतानाच त्यानं विचारलं, “हनीफ किधर?”

मी म्हणाले, “वो सो गया. गाडी में.”

का म्हणाले? सगळं इथे अडतं. मी दमले नव्हते, घाबरले नव्हते, मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारा हसला, सोनेवाला आदमी नहीं है वो, असं काहीसं म्हणाला, आणि हाक मारायला गच्चीकडे निघालाही. मी उठून त्याच्या वाटेत आले. “रहने दो. थक गया है. सोने दो.” तो थांबला. पाहुणीचा शब्द मोडायचा कसा? परत येऊन बसला. तिसरा पेला त्यानं ताटात उपडा ठेवला.

मी खूप दिवस स्वतःला सांगत राहिले की मला म्हाताऱ्याशी एकटीनं बोलायचं होतं, मुलाखत घ्यायची होती. ते अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं असं — सबंध सकाळ मी पाहत होते की ह्या माणसाला माझी काही गरज नाही. मी त्याच्या वतीनं बोलायला आले होते, आणि तो प्रत्येक दारात माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. तो आत आला असता तर ते दोघे मित्र गप्पा मारत बसले असते आणि मी कोण असते? त्यानं आणलेली पाहुणी. फौजदाराची मुलगी. तेवढंही मला सोसवलं नाही. समतेवर सोळा पत्रकं लिहिलेल्या मला.

निघताना म्हाताऱ्यानं केळीच्या पानात खजूर बांधून दिले. हनीफला दे, म्हणाला. मी ते पायऱ्या चढताना पाठीवरच्या पिशवीत, स्वेटरखाली, कोंबले. द्यायचे कसे? दिले असते तर हाक का आली नाही, हे सांगावं लागलं असतं.

हनीफभाई पायरीवर बसले होते. डोक्यावर नमाजाची टोपी तशीच, शेजारी आमसुलांची पिशवी. दीड तास झाला होता.

“हाक नाही मारली त्यानं?”

“नाही.”

“मी आलोय, सांगितलंत ना?”

“सांगितलं की.”

ते थोडा वेळ खाली निळ्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असेल. घरात काही असेल त्याच्या.” आणि उठले. म्हाताऱ्याची बाजू घेतली त्यांनी, माझ्यासमोर.

नंतर आम्ही बहलाला गेलो. किल्ल्याला बांबू-लोखंडाचे सांगाडे लावलेले, आत जाता येत नव्हतं. बाहेरून बघितला. मस्कतपर्यंत हनीफभाई फारसं बोलले नाहीत. आणि मी वही काढून लिहून घेतलं: ‘ह्या माणसाचं मौन बावीस वर्षांचं आहे.’ ते दोन तासांचं होतं, आणि माझं काम होतं. मामाच्या दारात उतरताना त्यांनी आमसुलांची पिशवी माझ्या हातात दिली. “बाबांना द्या, ताई. तिकडे मिळत नसतील.” म्हणजे दोघांनी एकमेकांसाठी ठेवलेलं सगळं आमच्या घरी, नॉटिंगहॅमला आलं. आईनं सोलकढी केली. खजूर कुठले म्हणून कुणी विचारलं नाही.

लेख मी आठवड्यात लिहिला. ‘पायरीवरचा माणूस’. त्यात एक श्रीमंत यजमान आहे, कॉफी आहे, आणि बाहेर उन्हात बसलेला एक कोकणी ड्रायव्हर. यजमानाच्या तोंडी मी एक वाक्य घातलं — ‘ड्रायव्हर बाहेरच ठीक आहे.’ मातीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याला मी श्रीमंतही केलं.

बाबांनी प्रूफ वाचलं. त्या वाक्यापाशी पेन्सिल थांबली. “हे तू स्वतः ऐकलंस?”

“हो, बाबा.”

त्यांनी एक विशेषण खोडलं, एक अनुस्वार दुरुस्त केला. वाक्य तसंच ठेवलं.

कॉव्हेंट्रीच्या हॉलमध्ये मी तो वाचला तेव्हा लोक उभे राहिले. एजवेअरहून आलेल्या एक काकू डोळे पुसत मला म्हणाल्या, “You gave him a voice, बेटा.” मी त्यांना थँक यू म्हणाले. त्या एका लेखामुळे मला पुढची बोलावणी आली, पुढचे लेख आले. आज माझ्या नावाला जे काही वजन आहे त्याचा पाया तो आहे.

इथे थांबलं असतं तर ते फक्त एका म्हाताऱ्यावर केलेलं खोटं राहिलं असतं. तेही कमी नाही. पण बाबांनी कौतुकानं एक प्रत मामाला पोस्टानं पाठवली. मराठी बाजू वर करून. मी नाव बदललं होतं. पण दापोलीचा, बावीस वर्षांचा, आमसुलंवाला ड्रायव्हर मामाच्या ऑफिसात कितीसे असणार? मामानं ती हनीफभाईंनाच वाचायला दिली.

मामाचा फोन आला तेव्हा तो मजेत होता. “अगं, काय केलंस तू! दोनदा वाचलं त्यानं. म्हणतो, ताईंनी मला तेव्हा सांगितलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून. केवढं मन आहे म्हणतो पोरीचं.”

मामाच पुढे सांगत राहिला.

“आता जात नाही हां तो त्या म्हाताऱ्याकडे. पाहुण्यांना वर सोडतो आणि गाडीत बसून राहतो. म्हाताऱ्यानं दोनदा निरोप पाठवला, हनीफ कुठाय, आजारी आहे का. हा म्हणतो, सांगा, वेळ नाही. तुझ्या लेखानं डोळे उघडले बघ त्याचे.”

त्या क्षणी काय करायचं होतं ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. फोन हातात होता, मामा ऐकत होता, एक वाक्य पुरलं असतं — मामा, तो माणूस हाक मारायला उठला होता, मीच त्याला बसवलं. बाबा पलीकडच्या खोलीत नव्या पत्रकाच्या घड्या घालत होते. त्यांना ऐकू गेलं असतं.

“बरं झालं,” मी म्हणाले.

त्यानंतर मी अनेक गोष्टींवर लिहिलं. खोटं बोलणाऱ्या मंत्र्यांवर लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. बाबांनी ‘पायरीवरचा माणूस’ दोनदा पुन्हा छापला. दर वेळी मी म्हणायचं ठरवत असे की हा नको, जुना झाला. दर वेळी मी प्रूफ वाचून दिलं.

गेल्या वर्षी हनीफभाई नोकरी सोडून कायमचे गावी निघाले. मामानं फोन लावला आणि म्हणाला, थांब, हनीफ इथेच आहे, सगळ्यांचा निरोप घेत हिंडतोय, तुझ्याशी बोलायचंय त्याला. मी विचारलं, मिस्फाला जाऊन आले का ते? मामा म्हणाला, छे, तिकडे कशाला जाईल तो.

मग हनीफभाई फोनवर आले. आवाज तोच, जरा थकलेला. तब्येत विचारली, बाबांची विचारली. मुलगी शिक्षिका झाली म्हणाले. तो लेख तिनं शाळेत मुलांना वाचून दाखवला म्हणाले. मी ऐकत होते. ते सावकाश बोलत होते, मध्ये थांबत होते, माझ्याकडे हवा तितका वेळ होता.

“दापोलीला आलात तर घरी या, ताई,” ते म्हणाले. “आमच्याकडे कुणाला बाहेर बसवत नाहीत.”

मी म्हणाले, येईन. आणि मामाला फोन द्या म्हणाले.