जागेपणी गेलेला आवाज

मित्रांनो, आज मंगळवार. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी ऑपरेशनच्या टेबलावर जागा होतो आणि पडद्यावर माझाच घसा बघत होतो.

पित्ताशयातले खडे काढायचे होते. काल फॉर्मवर मी सुवाच्य अक्षरात ‘व्यसन नाही’ असं लिहिलं. भूल देणाऱ्या मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, “तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाल.”

जेमतेम दीड गेलं.

शेजारून आई म्हणाली, “लई गुटखा खातो मॅडम. उशीखाली पुड्या सापडतेत.”

“गुटख्यानं जबडा आखडलाय, तोंड उघडत नाही. फॉर्मवर विश्वास ठेवून झोपवलं असतं, तर श्वासाची नळी तोंडातून गेलीच नसती,” मॅडम म्हणाल्या. “आता जागेपणीच नाकातून घालू.”

आज त्यांनी घसा बधिर करून नाकातून बारीक कॅमेरा उतरवला. पडद्यावर स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. “नाव सांगत राहा.” मी “सुनील, सुनील” म्हणायचो, तशा त्या थरथरायच्या.

मग नळी त्यांच्यामधून आत गेली. मी नाव घेतलं. ओठ हलले, आवाज आला नाही. माझा श्वास मला उशीजवळ, नळीच्या टोकाशी, माझ्या बाहेर ऐकू येत होता.

“आवाज गेला म्हणजे नळी बरोबर बसली. घाबरू नकोस.” त्यानंतरचं आठवत नाही.

आता संध्याकाळ झालीय. घोगरा का होईना, आवाज परत आलाय. तरी मी दर थोड्या वेळानं हळूच माझं नाव घेऊन बघतो. आई विचारते, “कोणाशी बोलतो रे?”

चिकलठाण्याच्या कंपनीतल्या माझ्या पुडीवाल्या दोस्तांनो, आरशासमोर उभे राहा. तुमची किती बोटं जातात?